फोसामॅक्स खटले

फोसामॅक्स खटले हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मर्क या औषधनिर्मात्या कंपनीविरुद्ध दाखल झालेल्या हजारो दिवाणी दाव्यांचे एकत्रित नाव आहे. फोसामॅक्स हे ॲलेन्ड्रोनेट या औषधाचे व्यापारी नाव असून, उतारवयात ठिसूळ होत जाणाऱ्या हाडांना बळकटी देण्यासाठी ते १९९५ पासून वापरात आहे. हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या जबड्याचे हाड उघडे पडून मृत झाले, तर काहींच्या मांडीचे हाड उभ्याउभ्या किंवा चालता चालता मोडले. या धोक्यांची सूचना कंपनीने वेळेवर दिली नाही, ही वादींची मुख्य तक्रार होती. जबड्याच्या इजेचे बहुतेक दावे २०१३ च्या तडजोडीने मिटले. मांडीच्या हाडाचे दावे मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्यांतून २०१९ चा 'मर्क शार्प अँड डोम विरुद्ध आल्ब्रेक्ट' हा निर्णय आला.

औषधाने इजा होऊ शकते की नाही, यापेक्षा माहितीपत्रकात काय छापले होते, ते केव्हा छापले आणि छापण्याचा अधिकार कोणाला होता, याच प्रश्नांवर हे खटले प्रामुख्याने लढले गेले. त्यामुळे एकाच प्रकारची इजा झालेल्या दोन रुग्णांना न्यायालयात अगदी भिन्न अनुभव आले.

औषध आणि त्याचे कार्य

ॲलेन्ड्रोनेट हे बिस्फॉस्फोनेट या गटातील औषध आहे. रिसेड्रोनेट, इबॅन्ड्रोनेट, पॅमिड्रोनेट आणि झोलेड्रोनिक ॲसिड ही याच गटातील अन्य औषधे होत. या वर्गातील संयुगे एकोणिसाव्या शतकात जर्मनीत प्रथम तयार झाली. त्यानंतर कित्येक दशके त्यांचा उपयोग कारखान्यांत, पाण्यातील क्षारांचे थर नळांत साचू नयेत म्हणून होत असे. १९६० च्या दशकात स्विस संशोधक हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संयुगे हाडातील खनिजाला चिकटतात व हाडाची झीज रोखतात, हे दाखवून दिले. नळातील क्षाराच्या औषधाचे हाडाच्या औषधात झालेले हे रूपांतर औषधशास्त्राच्या इतिहासातील एक मनोरंजक वळण आहे.

जिवंत हाड सतत मोडत आणि पुन्हा घडत असते. अस्थिभक्षक पेशी जुने हाड विरघळवतात व अस्थिजनक पेशी त्या जागी नवे हाड रचतात. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाले की मोडण्याचा वेग घडण्याच्या वेगापेक्षा वाढतो आणि हाडे आतून सच्छिद्र होऊ लागतात. या विकाराला अस्थिसुषिरता किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. बिस्फॉस्फोनेट हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. अस्थिभक्षक पेशीने ते हाडाबरोबर गिळले की तिच्यातील एक आवश्यक विकर बंद पडते आणि ती पेशी निकामी होते. झीज थांबते ती अशी. परंतु हाडात रोज पडणाऱ्या सूक्ष्म भेगा बुजवण्याचे कामही याच मोडजोडीतून होत असते. झिजेबरोबर ही डागडुजीही मंदावते. औषधाचा गुण आणि त्याचे गंभीर दुष्परिणाम या एकाच क्रियेतून उद्भवतात, असे बहुतेक संशोधक मानतात. हाडात बसलेले औषध गोळी बंद केल्यावरही अनेक वर्षे तेथेच राहते, ही बाबही महत्त्वाची आहे.

मर्कने हे औषध इटलीतील जेंटिली या संस्थेकडून परवान्याने घेतले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (यापुढे 'एफडीए') १९९५ मध्ये अस्थिसुषिरतेच्या उपचारासाठी आणि १९९७ मध्ये प्रतिबंधासाठी त्यास मान्यता दिली. मणक्याचा अस्थिभंग पूर्वी झालेल्या २,०२७ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत खुब्याचा अस्थिभंग निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांपैकी २.२ टक्के, तर औषध घेणाऱ्यांपैकी १.१ टक्के स्त्रियांना झाला. आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळी २००० मध्ये आली आणि खप वाढला. अमेरिकेतील पेटंट २००८ च्या आरंभी संपले, त्यापूर्वीच्या काही वर्षांत फोसामॅक्सची वार्षिक विक्री तीन अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती.

दुष्परिणाम

प्रथम लक्षात आला तो अन्ननलिकेचा दाह. गोळी अन्ननलिकेत अडकून राहिल्यास तेथे व्रण पडतात, असे १९९६ मध्येच स्पष्ट झाले. गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये, ही सूचना त्यानंतर ठळकपणे देण्यात येऊ लागली. ती पाळल्यास हा त्रास बराच टळतो. झोलेड्रोनिक ॲसिडच्या शिरेतील मात्रेनंतर एक-दोन दिवस ताप व अंगदुखी होणे, रक्तातील कॅल्शियम उतरणे, मूत्रपिंड दुर्बल असणाऱ्यांना धोका संभवणे आणि काहींना सांधे-स्नायूंच्या तीव्र वेदना होणे हे अन्य ज्ञात परिणाम आहेत.

जबड्याच्या हाडाचा मृत्यू हा त्याहून वेगळा आणि भयावह प्रकार होता. २००३ मध्ये मायामी विद्यापीठातील मुखशल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी अशा ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दात काढल्यानंतर जखम भरत नाही, हिरडी मागे सरते आणि पिवळट मृत हाड तोंडात उघडे पडते. त्यात जंतुसंसर्ग झाला की वेदना, सूज व पू येतो. आठ आठवड्यांहून अधिक काळ हाड उघडे राहिले, रुग्णाने असे औषध घेतले असेल आणि जबड्यावर किरणोपचार झाले नसतील, तर हे निदान केले जाते. वैद्यकाच्या इतिहासात याचे पूर्वरूप सापडते. एकोणिसाव्या शतकात आगपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करणाऱ्या मजुरांचे जबडे असेच सडत असत. लंडनमधील आगपेटी कामगार स्त्रियांच्या १८८८ च्या प्रसिद्ध संपाच्या काळात या रोगाची मोठी चर्चा झाली आणि १९०६ च्या बर्न करारान्वये आगपेट्यांत पांढरा फॉस्फरस वापरण्यावर बंदी आली.

या धोक्याचे प्रमाण औषधाच्या मात्रेनुसार फार बदलते. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांना झोलेड्रोनिक ॲसिड किंवा पॅमिड्रोनेट मोठ्या मात्रेत व वारंवार दिले जाते. अशा शंभर रुग्णांत १ ते १० जणांना ही व्याधी होते, असा अंदाज अमेरिकेतील अस्थिसंशोधकांच्या संस्थेच्या अभ्यासगटाने २००७ मध्ये मांडला. अस्थिसुषिरतेसाठी नेहमीची मात्रा घेणाऱ्यांत मात्र हे प्रमाण वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एकाहून कमी, एवढेच आढळते. या दोन आकड्यांची गल्लत करणारे लेखन वृत्तपत्रांत अनेकदा वाचावयास मिळते.

मांडीच्या हाडाचा असाधारण अस्थिभंग हा तिसरा प्रकार होय. वृद्धांचा नेहमीचा अस्थिभंग खुब्याच्या सांध्याजवळ, बहुधा पडल्याने होतो. हा मात्र खुब्याच्या खाली, मांडीच्या हाडाच्या भरभक्कम दांड्यात, जवळजवळ आडव्या रेषेत होतो. बाहेरच्या बाजूस आधी बारीक भेग पडते व ती आत सरकत जाते. त्यामुळे हाड मोडण्यापूर्वी कित्येक आठवडे किंवा महिने मांडीत अथवा जांघेत बोथट वेदना असते. ही वेदना ओळखून क्ष-किरण चित्र काढले तर पूर्ण अस्थिभंग टाळता येऊ शकतो, आणि म्हणूनच तिची माहिती रुग्णाला असणे निर्णायक ठरते. एका पायाला भेग आढळल्यास दुसराही तपासतात, कारण दोन्ही पायांना इजा होणे विरळ नाही. अशा रुग्णांची पहिली लक्षवेधी नोंद २००५ मध्ये झाली. २०१० मध्ये वरील संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासगटाने ३१० रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा त्यांतील ९४ टक्के रुग्णांनी बिस्फॉस्फोनेट घेतल्याचे आढळले.

लाभ आणि जोखीम

धोका आहे हे खरे, पण तो कशाच्या तुलनेत, हेही पाहावे लागते. दक्षिण कॅलिफोर्नियातील सुमारे १ लाख ९६ हजार स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दहा हजार गौरवर्णीय स्त्रियांनी तीन वर्षे औषध घेतल्यास खुब्याचे १४९ अस्थिभंग टळतात आणि मांडीचे दोन असाधारण अस्थिभंग घडतात, असे त्यात दिसले. आशियाई वंशाच्या स्त्रियांत टळणाऱ्यांची संख्या ९१ आणि घडणाऱ्यांची ८ होती. म्हणजे लाभाचे पारडे तेथेही जड होते, पण दोहोंतील अंतर बरेच कमी होते. आशियाई या सदरात अनेक देशांतील स्त्रिया मोडतात, त्यामुळे या आकड्यांवरून भारतीय स्त्रियांविषयी थेट निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. परंतु भारतीय डॉक्टरांनी दुर्लक्षावे असाही हा निष्कर्ष नाही. औषध जितकी वर्षे चालते तितका धोका वाढतो आणि थांबविल्यावर तो झपाट्याने उतरतो, हेही याच अभ्यासात दिसून आले. तीन ते पाच वर्षांनंतर फेरतपासणी करून, धोका फार नसलेल्या रुग्णांचे औषध काही काळ थांबविण्याची पद्धत यामुळे रूढ झाली.

हा खंड बिस्फॉस्फोनेटबाबतच शक्य आहे. सहा महिन्यांनी टोचावयाच्या डेनोसुमॅब या वेगळ्या गटातील औषधानेही जबड्याच्या व मांडीच्या याच दोन इजा होऊ शकतात. मात्र ते अचानक बंद केल्यास मणक्यांचे एकापाठोपाठ एक अस्थिभंग होण्याची भीती असते.

दुष्परिणामांच्या बातम्या आणि वकिलांच्या जाहिराती यांचा एक परिणाम असा झाला की २००८ ते २०१२ या काळात अमेरिकेत तोंडाने घ्यावयाच्या बिस्फॉस्फोनेटचा वापर निम्म्याहून अधिक घटला. ज्यांना औषधाची खरी गरज होती अशांनीही ते सोडले. खुब्याचा अस्थिभंग झालेल्या वृद्धांपैकी अनेकजण वर्षभरात दगावतात, हे लक्षात घेता ही घट केवळ व्यापारी नुकसान नव्हती.

जबड्याच्या इजेचे दावे

जबड्याच्या इजेसंबंधी फोसामॅक्सच्या माहितीपत्रकात २००५ मध्ये उल्लेख आला. त्यापूर्वी इजा झालेल्या व त्यानंतर निदान झालेल्या अनेक रुग्णांनी दावे दाखल केले. संघीय न्यायालयांतील दावे ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयात न्यायाधीश जॉन कीनन यांच्यापुढे एकत्र आणण्यात आले. अमेरिकी पद्धतीत अशा एकत्रीकरणानंतर काही दावे नमुन्यादाखल चालविले जातात. त्यांच्या निकालांवरून उरलेल्यांच्या तडजोडीचा अंदाज बांधला जातो.

फ्लोरिडातील एका महिलेचा पहिला खटला २००९ मध्ये ज्यूरीचे एकमत न झाल्याने निष्फळ ठरला. जून २०१० मध्ये फेरसुनावणीत ज्यूरीने तिला ८० लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला, पण न्यायाधीशांनी ही रक्कम अवाजवी ठरवून १५ लाखांवर आणली. ज्यूरीपुढे गेलेल्या इतर मोजक्या खटल्यांपैकी बहुतेक मर्कने जिंकले. कर्करोगाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाचा जबडा औषधानेच बिघडला, दंतरोगाने नव्हे, हे सिद्ध करणे वादींना अवघड जाई. डिसेंबर २०१३ मध्ये मर्कने सुमारे १,२०० दाव्यांपोटी एकूण २ कोटी ७७ लाख डॉलर देऊन तडजोड केली. दरडोई सरासरी २३ हजार डॉलरच्या आसपास पडणाऱ्या या रकमेतून वकिलांचा वाटा वजा केल्यास, जबड्याचा तुकडा काढावा लागलेल्या रुग्णाच्या पदरी फारसे पडले, असे म्हणता येत नाही.

नोव्हार्टिस कंपनीच्या झोमेटा व अरेडिया या शिरेतून देण्याच्या औषधांबद्दलचे दावे टेनेसीतील नॅशव्हिल येथे स्वतंत्रपणे चालले. मॉन्टाना राज्यातील ज्यूरीने २००९ मध्ये एका रुग्णाला ३२ लाख डॉलर दिले व राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते कायम केले.

मांडीच्या हाडाचे दावे

हे दावे २०११ मध्ये न्यू जर्सीच्या जिल्हा न्यायालयात एकत्र करण्यात आले. त्यांतील मूळ वाद समजण्यासाठी अमेरिकी कायद्यातील एक पेच ध्यानात घ्यावा लागतो. उत्पादकाने धोक्याची पुरेशी सूचना न दिल्यास रुग्ण राज्याच्या कायद्यानुसार भरपाई मागू शकतो. परंतु माहितीपत्रकाचा मजकूर संघीय यंत्रणा, म्हणजे एफडीए मंजूर करते. राज्याचा कायदा जी सूचना द्यावयास सांगतो ती देण्यास एफडीएने मनाई केली असेल, तर दोन्ही कायदे एकाच वेळी पाळणे कंपनीला अशक्य होते आणि संघीय कायद्यापुढे राज्याचा कायदा निष्प्रभ ठरतो. या तत्त्वाला प्रीएम्प्शन म्हणतात. मात्र मूळ औषधाच्या उत्पादकाला नव्या माहितीच्या आधारे, एफडीएच्या पूर्वमंजुरीची वाट न पाहता सूचना कडक करण्याची मुभा नियमांत आहे. म्हणून 'वायथ विरुद्ध लेव्हीन' या २००९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, एफडीएने असा बदल नाकारलाच असता याचा स्पष्ट पुरावा असल्याखेरीज कंपनीला हा बचाव मिळणार नाही.

मर्कच्या शास्त्रज्ञांना हाडाची डागडुजी मंदावण्याच्या तात्त्विक धोक्याची कल्पना मंजुरीच्या वेळीच होती आणि कंपनीने ती एफडीएला कळविलीही होती. १९९९ नंतर मांडीच्या अस्थिभंगाच्या तक्रारी कंपनीकडे येऊ लागल्या. आपल्या रुग्णालयात या इजेला 'फोसामॅक्स फ्रॅक्चर' असेच म्हणतात, असे एका डॉक्टरने कंपनीला कळविल्याची नोंद खटल्याच्या कागदपत्रांत आहे. सप्टेंबर २००८ मध्ये मर्कने माहितीपत्रकात दोन ठिकाणी बदल करण्याची परवानगी मागितली. दुष्परिणामांच्या यादीत मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगाचा उल्लेख करण्यास एफडीएने मान्यता दिली. अधिक महत्त्वाच्या दक्षता विभागातील मजकूर मात्र मे २००९ मध्ये नाकारला. त्या मजकुरात मर्कने 'स्ट्रेस फ्रॅक्चर', म्हणजे ताणाने पडणारी भेग, असा शब्दप्रयोग वारंवार केला होता. वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या असाधारण अस्थिभंगाशी त्याचा संबंध स्पष्ट होत नाही, असा एफडीएचा आक्षेप होता.

पुढील दीड दशकाचा वाद या एका नकाराच्या अर्थाभोवती फिरला. एफडीएने सूचनाच नाकारली, मग आम्ही ती देणार कशी, असे मर्कचे म्हणणे. एफडीएने केवळ सौम्य व दिशाभूल करणारे शब्द नाकारले, नेमक्या शब्दांत सूचना मागितली असती तर ती मिळाली असती, असे वादींचे उत्तर. ऑक्टोबर २०१० मध्ये वरील अभ्यासगटाचा अहवाल हाती आल्यावर एफडीएने स्वतःच या गटातील सर्व अस्थिसुषिरता-औषधांच्या माहितीपत्रकांत असाधारण अस्थिभंगाची सूचना घालण्याचे ठरविले. तेव्हाही स्ट्रेस फ्रॅक्चर ही संज्ञा टाळण्यात आली.

२०१३ मध्ये पहिल्या नमुना खटल्यात ज्यूरीने मर्कच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर १४ सप्टेंबर २०१० पूर्वी इजा झालेल्या पाचशेहून अधिक रुग्णांचे दावे न्यायाधीश जोएल पिसानो यांनी २०१४ मध्ये प्रीएम्प्शनच्या आधारे निकाली काढले. २०१७ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला व एफडीएच्या पत्राचा अर्थ लावण्याचे काम ज्यूरीचे आहे, असे सांगितले.

२० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायालयाचा निर्णय रद्द केला. निकालपत्र न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी लिहिले. प्रीएम्प्शनचा प्रश्न कायद्याचा असून तो ज्यूरीने नव्हे, न्यायाधीशाने सोडवावा, असे त्यात ठरले. 'स्पष्ट पुरावा' म्हणजे काय, याचाही खुलासा करण्यात आला: सूचनेची गरज दाखविणारी सर्व माहिती कंपनीने एफडीएला दिली होती आणि एफडीएने अशी सूचना मंजूर करणार नाही असे कंपनीला कळविले होते, या दोन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत. न्यायमूर्ती अलिटो, सरन्यायाधीश रॉबर्ट्स आणि न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी निष्कर्षाशी सहमती दर्शविली, पण वेगळी कारणे दिली.

प्रत्यक्ष दाव्यांचा निकाल मात्र यातून लागला नाही. परत आलेल्या प्रकरणात जिल्हा न्यायाधीश फ्रेडा वुल्फसन यांनी २०२२ मध्ये पुन्हा मर्कच्या बाजूने निर्णय दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या सर्किटने तोही फिरविला आणि एफडीएचे पत्र संदिग्ध असल्याने दावे चालू राहू शकतात, असे म्हटले. इजा १९९९ ते २०१० या काळातील, आणि वादी बहुतांशी वृद्ध स्त्रिया. कायद्याच्या एका मुद्द्याचा कीस पाडण्यात किती काळ गेला, याची कल्पना यावरून येते.

जेनेरिक गोळ्यांचा प्रश्न

२००८ नंतर अमेरिकेत बहुसंख्य रुग्ण ॲलेन्ड्रोनेटची स्वस्त जेनेरिक गोळी घेऊ लागले. जेनेरिक उत्पादकाला मूळ औषधाचे माहितीपत्रक जसेच्या तसे छापावे लागते, स्वतःहून बदलता येत नाही. म्हणून सूचना दिली नाही या कारणास्तव त्याच्यावर दावा करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 'प्लिव्हा विरुद्ध मेन्सिंग' या २०११ च्या निर्णयात ठरविले. २०१३ च्या 'म्युच्युअल फार्मास्युटिकल विरुद्ध बार्टलेट' या निर्णयाने औषधाच्या रचनेतील दोषाबद्दलचे दावेही जवळपास बंद झाले. त्यानुसार ॲलेन्ड्रोनेटच्या जेनेरिक उत्पादकांविरुद्धचे दावे फेटाळण्यात आले व तिसऱ्या सर्किटने २०१४ मध्ये ते कायम केले. तीच गोळी, तीच इजा. पण औषधविक्रेत्याने कोणती डबी हाती दिली यावर रुग्णाचा हक्क अवलंबून राहिला. या विसंगतीवर कायदेतज्ज्ञांनी बरीच टीका केली आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने २०१८ मध्ये, जेनेरिक घेणाऱ्या रुग्णालाही मूळ कंपनीवर मर्यादित प्रमाणात दावा करता येईल अशी वाट अन्य औषधांच्या प्रकरणांत मोकळी केली. बहुतेक राज्ये मात्र ती मानत नाहीत.

भारतातील स्थिती

भारतात ॲलेन्ड्रोनेट, इबॅन्ड्रोनेट व झोलेड्रोनिक ॲसिड अनेक देशी कंपन्यांच्या नावांनी मिळतात. येथे ज्यूरी नाही आणि राज्य विरुद्ध संघ असा वरील स्वरूपाचा पेचही नाही. रुग्णाचा मुख्य आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा आहे. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या या कायद्याच्या सहाव्या प्रकरणात उत्पादनामुळे झालेल्या इजेची जबाबदारी प्रथमच स्वतंत्रपणे नमूद झाली. कलम ८४ नुसार पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा न दिल्यास उत्पादक जबाबदार ठरतो.

मात्र कलम ८७ मधील एक अपवाद औषधांच्या बाबतीत कळीचा आहे. तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावयाच्या वस्तूविषयी उत्पादकाने त्या तज्ज्ञाला वाजवी मार्गाने सूचना दिली असेल, तर ग्राहकाला ती मिळाली नाही म्हणून उत्पादकाला दोषी धरता येत नाही. भारतातील अनेक माहितीपत्रकांवर ती केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांच्या उपयोगासाठी असल्याचे छापलेले असते. शिवाय ती इंग्रजीत आणि बारीक टाइपात असतात, आणि सुटी पट्टी विकत घेणाऱ्याच्या हाती ती पडतातच असे नाही. परिणामी जबाबदारीचा रोख डॉक्टरकडे वळतो. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या १९९५ च्या निर्णयात ठरविले. उपचारापूर्वी रुग्णाला पुरेशी माहिती देऊन संमती घेणे आवश्यक आहे, हे 'समीरा कोहली' प्रकरणात २००८ मध्ये स्पष्ट झाले. फेरतपासणीविना वर्षानुवर्षे औषध चालू ठेवणे, मांडीतील दुखण्याची तक्रार दुर्लक्षिणे किंवा औषध सुरू करण्यापूर्वी दातांची तपासणी न सुचविणे, असे मुद्दे तक्रारीत मांडता येतात. निव्वळ दुष्परिणाम झाला म्हणजे हलगर्जीपणा झाला, असे न्यायालये मानत नाहीत.

तक्रार रुग्ण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. आयोगाचा दर्जा मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर दिलेल्या मोबदल्याच्या रकमेवरून ठरतो. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगापुढे चालतात, त्यामुळे गोळ्यांसंबंधीची तक्रार बहुधा तेथेच जाते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. अस्थिसुषिरतेचे बहुसंख्य रुग्ण स्त्रिया असल्याने ही तरतूद येथे विशेष उपयोगी आहे.

खरी अडचण पुराव्याची असते. औषध घेतल्यापासून इजा होईपर्यंत पाच-सात वर्षे जाऊ शकतात, तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांवर कागदपत्रे तीन वर्षे जपण्याचेच बंधन आहे. मागणी केल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. दुकानदार प्रत्येक वेळी वेगळ्या कंपनीची गोळी देत असेल, तर पावत्यांवाचून कोणत्या उत्पादकावर दावा करावा हेच ठरविता येत नाही. चिठ्ठ्या, पावत्या, जुनी क्ष-किरण चित्रे आणि दंतवैद्याच्या नोंदी रुग्णाने स्वतः जपल्या नसतील, तर प्रकरण सुरू होण्याआधीच दुबळे होते.

भरपाईशी संबंध नसलेला, पण इतरांच्या उपयोगी पडणारा आणखी एक मार्ग आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे डॉक्टरच नव्हे तर रुग्ण आणि नातेवाईकही दुष्परिणामाची नोंद करू शकतात. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात असून, १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क क्रमांक आहे.